झाकलेले कान

गेल्या पावसाळ्यात पेडण्याहून डिचोलीस बहिणीकडे गेलो असता भाच्याने आपली नवी खरेदी मोठ्या कौतुकाने आमच्यापुढे ठेवली. संगणकावरील खेळांसाठी बनविलेला हेडसेट! किंमत दीड हजार रुपये, आणि तीही नाताळात व वाढदिवशी मिळालेले पैसे साठवून भरलेली. तेव्हा उपदेशाचा मोह आवरून आम्ही तो प्रथम स्वतःच्याच कानांवर चढविला.

पहिले मत अनुकूल झाले, हे प्रांजळपणे सांगतो. वजन बेताचे, वायर लांब, आणि तोंडापुढचा माइक नको तेव्हा वर वळविता येणारा. गाद्या मात्र नकली चामड्याच्या. आपल्याकडील दमट हवेत अर्ध्या तासात कान घामाघूम झाले. बाहेरचे रंगीत दिवे यूएसबीतून वीज घेतात, पण आवाजात त्यांनी काडीची भर पडत नाही. खोक्यावर '७.१' असे ठळक छापलेले, आत मात्र स्पीकर दोनच. बाकीचा भास संगणक घडवितो. तरीही खेळातील शत्रूची पावले डाव्या बाजूने येत आहेत, हे आम्हांलाही चटकन कळले. ध्वनी एका कानाशी क्षणांश आधी व किंचित मोठा पोहोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. देवाने कान दोन का दिले, याचे उत्तर त्या खेळात मिळाले!

सायंकाळी बहिणीने रोझरीसाठी हाक मारली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. खोलीतून उत्तर नाही. ती खिन्नपणे म्हणाली, "दादा, हे कानाला लागल्यापासून मुलगा घरात असून नसल्यासारखा."

आम्ही रागानेच आत गेलो व त्याच्या एका कानावरची गादी बाजूस सारली. तोच आतून आवाज आला, "आईचा गुडघा कसा आहे रे? खरे सांग."

तो कुवेतमध्ये नोकरीस असलेला थोरला भाचा होता. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. कामावरून सुटताच तो धाकट्याबरोबर घटकाभर खेळतो. आई फोनवर नेहमी 'बरे आहे' एवढेच म्हणते, म्हणून तिच्या प्रकृतीची खरी हकीकत तो खेळता खेळता धाकट्याकडून काढून घेतो. आमचा राग जागीच विरला. हेडसेट आम्ही बहिणीच्या कानांवर ठेवला. त्या दिवशी रोझरीचे एक रहस्य कुवेतहून म्हटले गेले.

तथापि वाचकहो, एवढ्याने ती अनुत्तरित राहिलेली हाक विसरता येत नाही. शिवाय प्रश्न कानांच्या आरोग्याचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढांनी आठवड्यास ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंतच ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. पुढे दर तीन डेसिबल वाढीस सुरक्षित वेळ निम्मा होतो. अंतःकर्णातील ध्वनिग्राहक सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांवर नेऊ नये व मधूनमधून कानांस विसावा द्यावा. विकत घेताना दिव्यांपेक्षा गाद्या पाहाव्यात. कानांभोवती नीट बसणारी गादी बाहेरचा गलका अडविते, व आवाज वाढविण्याची गरजच उरत नाही.

मात्र तीच गादी आईची हाकही अडविते! म्हणून आमच्या भाच्याने आता नियम केला आहे: रोझरीच्या वेळेस घड्याळाचा गजर लावायचा, आणि तोवर एक कान उघडा ठेवायचा. बाळ शमुवेल रात्री हाक ऐकताच तीनदा उठून एलीकडे धावला. हाक कोणाची, हे त्यास ठाऊक नव्हते. पण त्याचे कान उघडे होते. आपल्या घरातील मुलांचे, आणि आपले स्वतःचेही, कान तसेच उघडे राहोत.