राणीचं काय करायचं?

गेल्या वीकेंडला गावी जाऊन आलो. निमित्त राणी. राणी म्हणजे आजोबांची घोडी, वय १७. आजोबा गेले, बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी पुण्यात. आता तिचं करणार कोण?

सल्ले भरपूर मिळाले. काका म्हणाले, "सारंगखेड्याला नेऊन विकून टाक." तापीकाठच्या त्या दत्तजयंतीच्या यात्रेतूनच आजोबांनी तिला आणलं होतं. पण तिथे गिऱ्हाईक आधी दात बघतं, आणि दात वय सांगतात. म्हाताऱ्या घोडीला घेणारा भेटतो तो बहुतेक तिच्याकडून उरलंसुरलं काम काढून घेणाराच. आणि तो पुढे कुणाला विकेल, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

एक मित्र म्हणाला, "सोडून दे ना, मोकळी फिरेल." अरे बाबा, घोड्याला उलटी करता येत नाही! कचऱ्यातलं काहीबाही खाल्लं की पोटशूळ, आणि त्यातच जीव जायचा. याला मोकळं करणं म्हणत नाहीत, जबाबदारी झटकणं म्हणतात.

मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवतात? जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. निर्णय मला पटतो. पण गाडी बंद करता येते, घोडा कसा बंद करणार? तो २५-३० वर्षं जगतो, कामाची वर्षं त्याहून बरीच कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट रिटायर झालं तरी सपोर्ट चालूच ठेवावा लागतो.

शेवटी गावातल्याच एका घोडेवाल्याकडे तिला ठेवलंय. त्याच्याकडे अजून दोन घोड्या आहेत, म्हणजे तिला सोबतही झाली. चारा, नालबंद, डॉक्टर - पैसे दरमहा मी पाठवणार. अट दोनच: वरातीत नाचवायचं नाही आणि मला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. महिन्यातून एकदा बाबा जाऊन बघून येणार. खरारा, लगाम सगळं दिलं, तोबरा मात्र बाबांनी ठेवून घेतला.

पैसे पाठवले म्हणजे आपण सुटलो असं नाही, हे मलाही कळतं. पण ज्या जनावराच्या पाठीवर बसून आपण लहानाचे मोठे झालो, त्याचं म्हातारपण आपल्याच खर्चात धरायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली रायडिंग क्लास लावून "आपलाही एक घोडा हवा" म्हणणारे बरेच भेटतात. जरूर घ्या. फक्त तो वीस वर्षांचा झाल्यावर कुठे असेल, ते आधी ठरवा.