पीडिताचा वकील अजून मागच्याच बाकावर

लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी तीन नवी फौजदारी विधेयके मंजूर केली, तेव्हा विरोधी बाकांवरील शंभराहून अधिक सदस्य निलंबित होते. सभागृहाबाहेर वाद झाला तो प्रामुख्याने राजद्रोह, दहशतवादाची व्याख्या आणि पोलिस कोठडीची मुदत यांवर. नवे कायदे दंडापेक्षा न्यायाला महत्त्व देणारे आणि पीडिताला केंद्रस्थानी मानणारे आहेत, हा सरकारचा दावा मात्र फारसा कोणी तपासून पाहिला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता देशभर लागू आहे. या संहितेने पीडिताला बरेच काही दिले. पण खटला प्रत्यक्ष उभा राहतो, तेव्हा त्याचा वकील जुन्याच जागी बसलेला दिसतो.

आपल्या फौजदारी व्यवस्थेत गंभीर गुन्हा हा राज्यसंस्थेविरुद्धचा अपराध मानला जातो. त्यामुळे खटला सरकार चालवते आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो केवळ साक्षीदार उरतो. या रचनेला पहिला ठळक प्रश्न विचारला तो न्यायमूर्ती मलिमठ समितीने. २००३ च्या अहवालात समितीने म्हटले की, गंभीर गुन्ह्यांत पीडिताला खटल्यात पक्षकार म्हणून सहभागी होता यावे, ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळावा आणि न्यायालयाच्या परवानगीने साक्षीदारांना प्रश्न विचारता यावेत. आरोपीच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या इतर शिफारशींमुळे हा अहवाल वादग्रस्त ठरला आणि त्यातील पीडितविषयक प्रकरणही त्या वादात मागे पडले.

संसदेने त्यातील काही भाग २००८ च्या दुरुस्तीने उचलला. ३१ डिसेंबर २००९ पासून ‘पीडित’ या शब्दाला प्रथमच व्याख्या मिळाली, भरपाई योजना राज्यांवर बंधनकारक झाली आणि अपिलाचा हक्क आला. मात्र समितीने निर्दोष मुक्तता, कमी गंभीर गुन्ह्याखाली शिक्षा, अपुरी शिक्षा आणि अपुरी भरपाई अशी अपिलाची चार कारणे सुचवली होती. कायद्यात तीनच आली. ‘अपुरी शिक्षा’ गळाली. नव्या संहितेच्या कलम ४१३ मध्येही ती परतलेली नाही. शिक्षा वाढवून मागायची की नाही, हे आजही सरकारच ठरवते.

मधल्या काळात न्यायालयांनी ही चौकट रुंदावली. मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्यासाठी पीडिताला उच्च न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही. लखीमपूर खेरी येथे ३ ऑक्टोबर २०२१ रोजी आठ जणांचा बळी गेला. त्या प्रकरणातील मुख्य आरोपीला उच्च न्यायालयाने दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये रद्द केला. मृतांच्या कुटुंबीयांची बाजू परिणामकारकपणे ऐकली न जाणे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पीडिताचा सहभाग तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर असतो, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर २०१५ च्या दुरुस्तीनेच जामीन, शिक्षा आणि पॅरोलच्या सुनावणीत पीडिताचे म्हणणे ऐकण्याची तरतूद झाली होती.

नव्या संहितेने यात मोलाची भर घातली, हे मान्य करायला हवे. गुन्हा कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. पीडिताला वकील असेल, तर आरोपपत्राची प्रत त्यालाही मिळते. आणि सर्वांत राजकीय महत्त्वाची तरतूद कलम ३६० मध्ये आहे: पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय सरकारला खटला मागे घेण्याची परवानगी न्यायालय देऊ शकत नाही. सत्ताबदलानंतर आपल्या कार्यकर्त्यांवरील खटले गुंडाळण्याची प्रथा पाहता या तरतुदीचे मोल कोणत्याही पक्षाला समजावून सांगण्याची गरज नाही.

अडचण पुढे आहे. कलम १८(८) नुसार पीडिताला स्वतःचा वकील देता येतो, पण तो ‘सरकारी पक्षाला साहाय्य’ करण्यासाठी आणि न्यायालयाने अनुमती दिली तर. कलम ३३८ प्रमाणे त्याने सरकारी वकिलाच्या निर्देशानुसार वागायचे आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. जुन्या संहितेतील कलम ३०१ चेच हे नवे रूप. रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताच्या वकिलाला स्वतंत्र उलटतपासणी आणि तोंडी युक्तिवाद नाकारला, तो अशाच तरतुदींच्या आधारे. त्यामागील तर्क कमकुवत नाही. आरोपीसमोर दोन फिर्यादी पक्ष उभे राहिले, तर खटला सूडाची लढाई बनू शकतो. सरकारी वकिलाने मात्र तटस्थ राहणे अपेक्षित असते. परंतु सरकारी वकील फायलींच्या ओझ्याखाली असेल किंवा आरोपी सत्तेच्या जवळचा असेल, तर त्या तटस्थतेचा भरवसा कोणी द्यायचा? विधेयके ऑगस्ट २०२३ मध्ये मांडली गेली, स्थायी समितीकडे गेली आणि डिसेंबरमध्ये सुधारित रूपात परत आली. एवढ्या प्रवासात ही चौकट कायम राहिली.

दुसरी उणीव खर्चाची. सत्र न्यायालयात आरोपीला ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची यंत्रणाही उभारली. पीडितांसाठी तशी समांतर यंत्रणा नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालील व्यक्ती पात्र आहेत. ‘गुन्ह्याचा पीडित’ असा वर्ग नाही.

गाव सोडून परप्रांतात गेलेल्यांना ही उणीव अधिक जाणवते. लातूरच्या कामगारावर दिल्लीत हल्ला झाला, तर तक्रार घरी परतल्यावरही नोंदवता येईल; पण खटला सर्वसाधारणपणे दिल्लीतच चालेल आणि भरपाईची प्रक्रियाही तिथलीच राहील. पुण्यातील बिहारी मजुराची स्थिती नेमकी उलट दिशेने तशीच. दोघांनाही परक्या शहरात तारखांवर लक्ष ठेवणारा माणूस हवा असतो.

महाराष्ट्रात गाजलेल्या प्रकरणांत लोक उज्ज्वल निकम यांच्या नियुक्तीची मागणी करत आले. शक्ती मिल आणि कोपर्डी खटल्यांत ते विशेष सरकारी वकील होते. ही मागणी व्यक्तीसाठी दिसली, तरी तिच्या मुळाशी नेहमीच्या सरकारी पक्षाविषयीचा अविश्वास आहे. ज्याच्या पाठीशी मोर्चा नाही, त्याला असा वकील मिळत नाही. तेच निकम जुलै २०२५ पासून राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य आहेत.

कायदा दिल्लीत होतो, वकिलांचा खर्च मात्र राज्यांच्या तिजोरीतून जातो. म्हणून हक्क जाहीर करणे सोपे आणि ते वापरण्याचे साधन देणे कठीण. विधी सेवा कायद्यात पीडितांचा एक वर्ग वाढवणे, सरकारी वकिलाने न विचारलेला प्रश्न न्यायालयामार्फत विचारण्याची संधी देणे आणि अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील खुले करणे, एवढ्या तीन दुरुस्त्या आरोपीच्या निष्पक्ष खटल्याला धक्का न लावता शक्य आहेत. त्या होत नाहीत तोवर पीडित केंद्रस्थानी असल्याचा दावा उद्देशपत्रिकेपुरताच राहील.