झाडे मोजली, जमीन राहिली

तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी जाहीर केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणही नेमले गेले. या संरक्षणाचे मोल मोठे आहे. परंतु नाजूक म्हणजे नेमके काय, हा विचार आपण झाडाच्या बुंध्यापाशी आणून थांबवतो. बुंध्याखालच्या जमिनीचा हिशेब कोणी मांडत नाही.

त्या जमिनीवर राहणाऱ्यांत कोळ्यांचे हाह्नीडी नावाचे एक कुळ आहे. यातील बहुतेक कोळी मोहरीच्या दाण्याएवढे. तंतू काढणारे त्यांचे अवयव इतर कोळ्यांप्रमाणे झुबक्याने नसून एका आडव्या ओळीत असतात. शेवाळावर, पाचोळ्यात, गुरांच्या खुरांच्या ठशांतही ते चादरीसारखे जाळे विणतात. मात्र ते इतके विरळ, की दंव उडाले की दिसेनासे व्हावे. पाचोळ्यातील सूक्ष्म कीटकांवर ते जगतात. पाने कुजून माती होण्याच्या व्यवहारातील हा एक लहान, पण जिवंत दुवा आहे.

भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या डॉ. बी. के. टिकाडर यांनी १९७० साली सिक्कीममधील या कुळाची एक जाती नोंदवली. त्यांच्या पुढाकाराने १९८० व १९८२ साली निघालेल्या दोन ग्रंथांत मिळून चारच कुळांचा परामर्श घेता आला. जगात कोळ्यांची ज्ञात कुळे शंभरावर आहेत. काम किती शिल्लक आहे, हे यावरून उमगावे.

रस्त्यासाठी वा रेल्वेसाठी झाडे तोडली की त्यांची संख्या मोजली जाते आणि बदल्यात रोपे लावण्याची अट घातली जाते. पण वर्षानुवर्षांच्या पानगळीतून साचलेला थर एकदा यंत्राने खरवडला, की त्याची ओल आणि त्यातील जीव कोणत्या रोपवाटिकेतून आणणार?

पोटाची भ्रांत असलेल्या तालुक्यात कोळ्यांची चिंता हा सुखवस्तूंचा छंद होय, असा आक्षेप येईल. वस्तुस्थिती उलट आहे. रानशेतसारख्या गावी शेतकऱ्याचे पोट याच मातीवर चालते, आणि पाचोळ्याचे मोल त्याला शहरवासीयांहून अधिक ठाऊक आहे. त्याच्या राबाची आग वाफ्यापुरती असते. डांबर मात्र कायमचे असते. रस्ते नकोत असे कोणी म्हणत नाही. जे गमावणार त्याची आधी मोजदाद व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी नोंदवह्या व्हावयाच्या आहेत. त्यांत जमिनीवरील या सूक्ष्म जीवांना स्वतंत्र पान मिळावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चाळण, पांढरे फडके, भिंग आणि उत्साही शिक्षक एवढे पुरेसे आहे. नेमकी ओळख पटवण्याचे काम तज्ज्ञ करतील. प्रकल्पांच्या अहवालांतही हे पान सक्तीचे व्हावे. ज्याची नोंदच नाही, त्याची हानीही कागदावर शून्यच ठरते.