जुलाब लागले की आधी पाणी पाजा

पहिले दोन-चार पाऊस झाले की जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढू लागतात. विहिरीत गढूळ पाणी उतरतं, गटारातून गेलेली नळाची पाइप फुटते आणि एका घरातलं दुखणं बघता बघता आळीभर होतं. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "पाणी देऊ नका, आणखी जुलाब होतील." यासारखा घातक सल्ला नाही. गॅस्ट्रो असो की कॉलरा, माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे.

ते भरून काढायला बहुतेकांना ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, पुरतं. कॉलऱ्यातही आतड्याचं एक काम शाबूत असतं. साखर शोषताना ते मीठही ओढून घेतं आणि त्यामागून पाणी जातं. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यू ४ च्या खाली आले. तरी आपल्याकडे अजून सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही!

पाकिटातली चमचाभर पूड ग्लासात टाकून उरलेली घडी घालून ठेवू नका, प्रमाण बिघडतं. अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालू ठेवा. मुलांच्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करा. जुलाब बांधणारी गोळी मुलांना नको.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश जाग्यावर येत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल, मूल मलूल पडलं असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दवाखाना गाठा. शुद्धीवर असेल तर वाटेतही पाजत राहा.

तान्ह्या बाळाची शीसुद्धा शौचालयातच टाका आणि हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका. हंड्यात हात बुडवायचा नाही, ओगराळं वापरा. पेशंटने स्वयंपाकाला हात लावू नये. आळीत दोन-तीन जणांना त्रास दिसला तर आशाताईंना लगेच कळवा.

पाण्याला टीसीएलचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरचा, वास येतो म्हणून ग्रामपंचायतीत भांडायला जाणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात टीसीएल पडतच नसेल, तेव्हा जा.