सहावी ते आठवीचा शिक्षक कोठे घडावा?

कबनूर-इचलकरंजी परिसरात मूल सातवी-आठवीत गेले की त्याच्या हातांना यंत्रमागाची हाक येऊ लागते आणि मुलीच्या घरी स्थळांची चर्चा सुरू होते. नेमके याच वयात बीजगणित, विज्ञान व इतिहास यांची कठीण चढण लागते. त्या चढणीवर हात देणारा शिक्षक लाभला नाही, तर मूल मागे वळते आणि बहुधा परत येत नाही. म्हणून सहावी ते आठवीचा शिक्षक कोठे व कसा घडतो, हा आपल्या समाजाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. सावित्रीबाईंनी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळांत प्रशिक्षित आणि शक्यतो कष्टकरी वर्गातून आलेले शिक्षक नेमावेत, अशी मागणी केली. आपल्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय उघडले. शिक्षक घडविल्याविना शाळा उभी राहत नाही, हे या थोरांनी जाणले होते.

माझ्या काळी बी.एड. एका वर्षाचे होते. पाठ टाचणे काढली, तक्ते रंगविले, ठरावीक सराव पाठ दिले आणि पदवी हाती आली. शेवटच्या बाकावरचा मुलगा झोपतो तो रात्री मागावर बसतो म्हणून, हे मला कोणत्याही प्राध्यापकांनी सांगितले नाही. ते त्या मुलानेच शिकविले. तोवर माझ्या हातून काही मुले सुटून गेली होती. ती खंत आजही आहे.

पुढे बी.एड. दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता होणार आहे. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “जुने डी.एड. गुरुजी काय वाईट शिकवीत होते?” मुळीच नाही. त्यांना मूल कळत होते, गाव कळत होते. परंतु शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना स्वतंत्र शिक्षक मागतो. विषयाची खोली आणि मुलाची जाण या दोन्ही गोष्टी एकत्र देण्याचे सामर्थ्य विद्यापीठातच आहे. पदवी व बी.एड. मिळून लागणाऱ्या पाच वर्षांतील एक वर्षही वाचते. म्हणून मी या बदलाचे स्वागत करतो.

मात्र स्वागताला अट आहे. चार वर्षांच्या या वाटेने शिक्षक व्हायचे की नाही, हे बारावीनंतरच ठरवावे लागेल. ज्याच्या घरी पदवीधर नाही, त्याला ही वाट दाखवणार कोण? असे अभ्यासक्रम खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कावर सोपविले, तर मागवाल्याची मुलगी उंबरठ्यावरच थांबेल. ते शासकीय व विद्यापीठीय संस्थांत, वसतिगृहासह आणि वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसह चालले पाहिजेत. छात्रसेवा नामांकित शाळांपुरती न राहता जिल्हा परिषदेच्या व आपल्यासारख्या निवासी शाळांतही झाली पाहिजे. आणि पदवीनंतर पात्रता परीक्षा देऊनही वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहावी लागणार असेल, तर कोणता पालक आपल्या मुलास या वाटेने पाठवील?

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९२० मध्ये आपल्या शेजारच्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्या भूमीतील आपण केवळ शासनाकडे बोट दाखवून चालणार नाही. माजी विद्यार्थ्यांना माझी नम्र विनंती आहे : चारपाच जणांनी मिळून या शाळेतील एका होतकरू मुलीचा चार वर्षांचा खर्च उचलावा. ती शिक्षिका होऊन याच परिसरातील सातवीच्या वर्गावर उभी राहील, तेव्हा शेवटच्या बाकावरचा मुलगा का झोपला आहे, हे तिला कोणी सांगावे लागणार नाही.

जय भीम!