मुखवटा आणि मेणबत्ती

आमच्या गृहवसाहतीत अलीकडे ३१ ऑक्टोबरला मुलांचे हॅलोविन होते, आणि आम्हां पालकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ही सैतानाची पूजा. दुसरा म्हणतो, मुलांची हौस, आपले काय जाते? आम्हांला दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. हॅलोविन या शब्दाचा अर्थच मुळी १ नोव्हेंबरच्या सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या असा आहे. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा लावीत. १८४५ साली सुरू झालेल्या दुष्काळात ते लाखोंनी अमेरिकेस गेले आणि तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. पुढे बाजाराने संत गाळले, भुते तेवढी ठेवली.

पण बाजाराला दोष किती द्यावा? प्लास्टिकची कवटी आपणच विकत आणतो, आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ‘मुले घाबरतील’ म्हणून त्यांना दफनभूमीत नेत नाही! (शिकवणी बुडेल, हेही कारण असतेच.) जिच्या मांडीवर मूल वाढले त्या आजीच्या कबरीचे भय, आणि रबरी मुखवट्याचे कौतुक? मुखवटा खुशाल घालू द्या. मात्र दोन दिवसांनी त्याच मुलाच्या हाती मेणबत्ती देऊन त्याला आजीच्या कबरीपाशी उभे करण्याची आपली तयारी आहे काय?