फोन माझा आहे, उघडणार मीच

फोनची काच तडकली की फोन बाद झाला, आता नवा घ्यायचा, ही समजूत आपल्या डोक्यात आपोआप आलेली नाही. ती घातली गेली आहे. जाहिरातींनी घातली, हप्त्यांवर फोन विकणाऱ्यांनी घातली आणि सर्वांत जास्त घातली ती फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी, आपला माल कुणाला उघडताच येऊ नये अशी रचना करून. मी स्वच्छ सांगते: बहुतेक साध्या, सपाट स्क्रीनच्या फोनची फुटलेली स्क्रीन घरी बदलता येते. हात स्थिर असलेलं आणि घाई न करणारं कॉलेजातलं कुठलंही पोर हे काम करू शकतं. काम अवघड नाही, ते अवघड करून ठेवलेलं आहे. आणि ज्यांनी करून ठेवलं त्यांना जाब विचारायचा सोडून आपण निमूटपणे पाकीट काढतो.

आधी घरगुती उपायवाल्यांचा समाचार घेते, कारण त्यांनी घरच्या दुरुस्तीचं नाव बदनाम केलं आहे. तड्यावर टूथपेस्ट चोळा, खायचा सोडा लावा, तडा गायब होईल, असं सांगणारे लोक शुद्ध थापा मारतात. कॉर्निंगची गोरिला ग्लास कशी बनते ते पाहा. काच सुमारे ४०० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात आणि काचेचा पृष्ठभाग कायमचा आवळला जातो. म्हणून खिशातल्या किल्ल्यांना ती दाद देत नाही. पण तडा त्या आवळलेल्या थराच्या पार गेला की खेळ खलास, तो कशानेही भरून येत नाही. टूथपेस्ट फक्त खरवडते. बोटांचे तेलकट डाग बसू नयेत म्हणून काचेवर जो पातळ लेप असतो तो ती घासून काढते, आणि चिरेतून ओल आत ढकलते. काच बदलायची म्हणजे बदलायची, दुसरा उपाय नाही.

मग बदलायला जायचं कुठे? माझ्या बहिणीच्या मुलीचा फोन जिन्यावरून पडला आणि स्क्रीनवर जाळं पसरलं, तेव्हा आम्ही एका मोठ्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सांगितलेला खर्च त्या फोनच्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. वर म्हणाला, "मॅडम, यात थोडे अजून घातलेत तर नवीनच येईल. एक्स्चेंज ऑफर चालू आहे." मी म्हटलं, नवा नको, डिस्प्ले सुटा द्या, पैसे घ्या, मी बसवते. "सुटा पार्ट देत नाही आम्ही, कंपनीची पॉलिसी आहे." मग त्याने फॉर्म पुढे सरकवला. "लॉक लिहून ठेवा, टेस्टिंगला लागतो. डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही."

या शेवटच्या दोन वाक्यांवर मी थांबले, आणि प्रत्येक आईबापाने थांबावं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा फोन. त्यात तिचे फोटो, तिच्या मैत्रिणींशी झालेलं बोलणं, बँक, यूपीआय, आधारचे ओटीपी. स्क्रीन बदलणं हे काम फोन बंद ठेवून होतं. टच चालतो की नाही हे गिऱ्हाइकासमोर, गिऱ्हाइकाच्याच हाताने लॉक उघडून दोन मिनिटांत पाहता येतं. तरीही लॉक कागदावर लिहून मागतात आणि आपण लिहून देतो. पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, मला नाही द्यायचा." आम्ही फोन घेऊन परत आलो. घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाला देताना जो विचार करतो, तो फोनचा पॅटर्न देताना आपण का करत नाही, हे मला आजही कळत नाही. घरी दुरुस्ती करण्याचं माझं पहिलं कारण पैसा नव्हे, फोनमधली ही खाजगी माहिती आहे.

मग नवा फोल्डर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. डिस्प्ले आणि टच एकत्र असलेल्या भागाला बाजारात फोल्डर म्हणतात. स्क्रीन बदलण्याआधी डेटा वाचवायचा होता. टच मेला असला तरी डिस्प्ले दिसत असेल तर ओटीजी अडॅप्टर जोडून साधा माउस लावला की बहुतेक अँड्रॉइड फोन चालतात. ही गोष्ट सेवा केंद्रातलं कुणी आपण होऊन सांगत नाही.

आणि काम कसं झालं तेही सांगते, कारण "ते आपलं काम नाही" ही भीती तपशिलानेच जाते. बॅटरी पाव भागाच्या खाली आणली. सिमचा ट्रे आधी काढला, तो आत राहिला तर फ्रेम निघताना तुटतो. फुटलेल्या काचेवर पॅकिंगची रुंद टेप चिकटवली, म्हणजे कपच्या उडत नाहीत, तरीही डोळ्यांवर चष्मा ठेवला. हेअर ड्रायरने मागच्या झाकणाच्या कडा चटका बसेल इतक्या तापवल्या, सक्शन कपने झाकण किंचित उचललं आणि फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. ही पट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे घालायची नाही, कारण आत फितीसारख्या नाजूक केबल असतात. पोरीने कागदावर फोनची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवला. कारण आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला की तो खाली मदरबोर्डात घुसतो आणि फोन खरोखरच मरतो. मग सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर, नखाएवढं, प्लास्टिकच्या टोकाने उचलायचं. टिक असा बारीक आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतर डिस्प्लेची केबल सोडवली, समोरच्या कडा तापवल्या, फुटका फोल्डर काढला, जुना गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला. नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून पाहिला. एक आयकॉन बोटाने ओढत चारही कोपऱ्यांत फिरवला, कुठे अडकतो का ते पाहिलं. मगच गोंद आणि रबर बँड, आणि रात्रभर वजनाखाली.

यात धोका नाही असं मी म्हणत नाही. बॅटरीला धातूचं टोक लागलं तर आग लागू शकते, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवायचं. वळलेल्या कडांच्या अमोलेड डिस्प्लेची फक्त वरची काच बदलायचा नाद घरी करू नये. दुकानात त्यासाठी तापवलेली प्लेट, मॉलिब्डेनमची तार, काच चिकटवायची पारदर्शक ओसीए फिल्म आणि बुडबुडे काढायचं मशीन असतं. घरी अख्खा फोल्डर बदलायचा. पण धोका तर गॅसचा सिलिंडर बदलण्यातही आहे, आणि तो आपण बदलतो, कारण तो कसा बदलायचा हे आपल्याला शिकवलेलं असतं. फोन उघडायला मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

त्यांची करणी बघा. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू आणला आणि पुढे तो आयफोन ४ वर लावला. साध्या स्क्रूने जे झालं असतं तेच तो करतो, फक्त घरातल्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाही. मग सॉफ्टवेअरचं कुलूप आलं. आयफोन ११ पासून स्क्रीन बदलली की फोनच मालकाला बजावतो की हा डिस्प्ले अस्सल असल्याची खात्री करता येत नाही. २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा स्क्रीन बदलल्यावर फेस आयडीच बंद पडायचं. दुसऱ्या आयफोन १३ ची अस्सल स्क्रीन काढून लावली तरीही. दुरुस्ती करणाऱ्यांना मायक्रोस्कोपखाली जुन्या स्क्रीनवरची चिप उचलून नव्या स्क्रीनवर बसवावी लागे. आरडाओरड झाली तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते थांबवलं. म्हणजे ते थांबवता येत होतं. हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नव्हता, हा निर्णय होता.

एप्रिल २०२२ मध्ये याच कंपनीने अमेरिकेत लोकांना स्वतः दुरुस्ती करायची सोय दिली. ४९ डॉलर भाड्यात आठवडाभरासाठी हत्यारं घरी यायची, दोन पेट्यांत, मिळून सुमारे ३६ किलो. सुटा भाग मागवायचा तर तेव्हा आधी आपल्या फोनचा ओळख-क्रमांक द्यावा लागे आणि भाग बसवल्यावर कंपनीला कळवून तो त्यांच्याकडून मान्य करून घ्यावा लागे. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा धंदा आहे. नेदरलँड्सच्या फेअरफोनचा डिस्प्ले साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतो, ३६ किलोची गरज पडत नाही.

"गोंद लावावाच लागतो, नाहीतर फोन वॉटरप्रूफ कसा होणार," असं कंपन्यांचे वकील सांगतात. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ पाण्याला दाद न देणारा होता, त्याला आयपी ६७ दर्जा होता, आणि तरी त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं, कारण झाकणाला आतून रबरी गॅस्केट होतं. त्याची समोरची काच चिकटवलेलीच होती, हे मान्य. पण मागे गॅस्केट चालतं तर पाण्याची सबब सगळ्या फोनभर का पसरायची? शिवाय वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनात पाणी गेलं तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते नुकसान बसत नाही. जाहिरातीत पाण्याचे फवारे आणि बिलावर हात वर.

आपल्याकडे हा प्रश्न मोटारींच्या बाबतीत ऐरणीवर येऊन गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या आणि बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देत नव्हत्या. पुढे प्रकरण अपिलात गेलं, पण आयोगाने ठेवलेलं बोट बरोबर जागी होतं. फोन कंपन्या आज नेमकं तेच करतात. त्यांच्याबाबतीत काय झालं? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली. डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी आणखी एक समिती, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये. पोर्टलवर कंपन्यांच्या ग्राहकसेवेची, वॉरंटीची माहिती आहे. पण मला फोल्डर सुटा विकायला कंपनीला भाग पाडेल असं कलम या सगळ्यातून हाती आलं नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनसाठी विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग देणं सक्तीचं आहे, आणि डिस्प्ले सामान्य ग्राहकालाही मिळाला पाहिजे. फ्रान्समध्ये फोनच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण छापणं २०२१ पासून सुरू झालं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये भागांना सॉफ्टवेअरची कुलपं लावण्यालाच बंदी घातली. त्याच कंपन्या तिथे हे पाळतात आणि इथे काउंटरवर पॉलिसी सांगतात.

दरम्यान फोन जिवंत ठेवतात ते लॅमिंग्टन रोडवरचे, पुण्याच्या तपकीर गल्लीतले, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवरचे कारागीर. त्यांना कुणी मॅन्युअल दिलं नाही, सर्किटचा नकाशा दिला नाही, अस्सल भाग दिला नाही. आणि "कॉपी फोल्डर लावतात" म्हणून नावं ठेवतात त्यांनाच. अस्सल माल ज्यांनी कोंडून ठेवला त्यांना कुणी चोर म्हणत नाही. त्या पोरांपैकी काही जण फसवतात, कॉपी ओरिजिनल म्हणून खपवतात, त्यांना मी पाठीशी घालत नाही. पण खोट्या मालाचा हा बाजार खऱ्या मालाच्या टंचाईवर उभा आहे, आणि ती टंचाई कारखान्यातून येते.

माझी मागणी साधी आहे. फोनच्या खोक्यावर किमतीशेजारी त्याच्या डिस्प्लेची किंमत छापा. तो डिस्प्ले पैसे टाकणाऱ्या कुणालाही, लॉक न विचारता, विका. बसवायची कृती मराठीत आणि बाकी भाषांत खुली ठेवा. तोवर दुकानात फोन घ्यायला गेले की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मी विचारत नाही. याचा फोल्डर सुटा मिळतो का आणि कितीला, हे विचारते. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर फोन काउंटरवर ठेवते आणि पुढच्या दुकानात जाते.